साखर आपोआप उतरू लागते तेव्हा

दहा-पंधरा वर्षे इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाची साखर कधी कधी एकाएकी उतरू लागते. जेवण तेच, चालणे तेवढेच, तरी दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात आणि डोस कमी करावा लागतो. घरच्यांना वाटते, मधुमेह बरा होत चालला. पुष्कळदा कारण वेगळे असते. टोचलेले इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकून राहू लागलेले असते, कारण ते मोडून काढणारी मूत्रपिंडे थकलेली असतात.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घेतात. या गाळणीतून अल्ब्युमिनसारखे ६६ हजार डाल्टन वजनाचे प्रथिन सहसा जात नाही. इन्सुलिन (सुमारे ५,८००) आणि लेप्टिन (सुमारे १६ हजार) मात्र सहज पलीकडे जातात. तरीही लघवीत ती फारशी सापडत नाहीत. गाळणीपुढच्या नलिकेतल्या पेशी मेगॅलिन आणि क्युबिलिन या ग्राहक-रेणूंच्या मदतीने त्यांना पकडतात, त्यांचे अमिनो आम्लांत तुकडे करतात आणि ती आम्ले रक्ताला परत देतात.

स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन आधी यकृतात जाते आणि साधारण निम्मे तिथेच संपते. इंजेक्शनने घेतलेले इन्सुलिन हा टप्पा चुकवून थेट रक्तात येते, म्हणून त्याच्या बाबतीत मूत्रपिंडावरची भिस्त अधिक. शिवाय उपाशीपोटी मूत्रपिंड स्वतः ग्लुकोज तयार करून रक्ताला पुरवते. ते निकामी होऊ लागले की इन्सुलिन साचते आणि साखरेचा हा आधारही कमी होतो. साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते ती या दुहेरी कारणाने.

टाकी भरून वाहू लागली तर नळ जोरात सुटला असेल किंवा निचऱ्याची वाट तुंबली असेल. रक्तातल्या प्रथिनांचेही तसेच आहे, आणि या दोन शक्यता वेगळ्या न केल्यास संशोधकांचीही दिशाभूल होऊ शकते. चरबीतून स्रवणारे ‘आरबीपी-४’ हे प्रथिन उंदरांमध्ये इन्सुलिनचा प्रभाव कमी करते, असे २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाचे नवे कारण सापडले या आशेने जगभर ते मोजले जाऊ लागले. हे प्रथिन एरवी ट्रान्सथायरेटिन नावाच्या मोठ्या प्रथिनाला चिकटून फिरते. सुटे झाले की मात्र ते गाळले जाते आणि मूत्रपिंडात मोडले जाते. मधुमेहींपैकी अनेकांची मूत्रपिंडे आधीच दुखावलेली असतात. रुग्णांची मूत्रपिंडाच्या कार्यानुसार विभागणी करून पाहिल्यावर आरबीपी-४ ची वाढ मधुमेहापेक्षा मूत्रपिंडाशी अधिक जुळते, असेही निष्कर्ष पुढे आले.

पण प्रत्येक वाढ निचऱ्यामुळेच होते असे नाही. लेप्टिन हे पोट भरल्याचा संदेश मेंदूला देणारे संप्रेरक. डायलिसिसवरच्या रुग्णांत ते बरेचदा वाढलेले आढळते आणि त्यात साचण्याचा मोठा वाटा असतो. हाडांत तयार होणारे ‘एफजीएफ-२३’ मात्र मूत्रपिंडाच्या आजारात फार लवकर वाढते, ते मुख्यतः फॉस्फेट बाहेर टाकण्यासाठी हाडे त्याचे उत्पादनच वाढवतात म्हणून. अॅडिपोनेक्टिन हे चरबीतून स्रवणारे संप्रेरक एरवी हितकारक मानले जाते आणि लठ्ठपणात घटते. मूत्रपिंड निकामी झाल्यावर ते चढते, पण त्या चढत्या आकड्याला चांगल्या प्रकृतीची खूण मानता येत नाही.

याच साचण्याचा वैद्यकाने उपयोगही करून घेतला आहे. सिस्टॅटिन-सी हे छोटे प्रथिन शरीरातल्या जवळपास सर्व पेशी बऱ्यापैकी स्थिर वेगाने बनवतात. त्यामुळे रक्तात ते वाढले की गाळण मंदावल्याचा अंदाज बांधता येतो. मूत्रपिंडाच्या तपासणीत नेहमी मोजले जाणारे क्रिएटिनिन मात्र स्नायूंतून येते. म्हणून कृश, वयस्कर स्त्रीचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसत असतानाही मूत्रपिंडाचे काम बरेच घटलेले असू शकते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी उपयोगी पडते.

इन्सुलिनची गरज कारणाशिवाय घटली, तर डॉक्टरांकडे जाऊन आधी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. डोस मनाने बंद करू नये. ही तपासणी सोपी आहे: रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (गाळण्याच्या वेगाचा अंदाज) आणि लघवीतले अल्ब्युमिन. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार समजतात. हा आजार बराच पुढे जाईपर्यंत दुखत नाही, सूजही उशिरा येते. म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने या दोन्ही तपासण्या वर्षातून किमान एकदा कराव्यात आणि रक्ताचा दुसरा कोणताही अहवाल दाखवताना हे आकडे डॉक्टरांपुढे ठेवावेत.