रेशन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे!



रेशन दुकानातून धान्य कमी मिळालं, तर आपण काय करतो? पिशवी उचलतो आणि गप्प घरी येतो. 'फुकटचंच तर आहे, कशाला तोंड वाजवायचं?' असं वाटतं. पण जे आपलं आहे ते मागायला लाज कसली?

गरिबी म्हणजे नुसती पैशाची चणचण नव्हे. पोटाला पुरेसं नाही, दवाखाना परवडत नाही आणि वर विचारायची सोय नाही, ही खरी गरिबी. म्हणूनच १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे माणसाचे हक्क मानले गेले. आपल्या राज्यघटनेचं कलम २१ जगण्याचा हक्क देतं. ते जगणं सन्मानाचं हवं, असं सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं आहे.

२००१ साली सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती आणि दुष्काळी भागात माणसं उपाशी होती. तेव्हा 'पीयूसीएल' ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. त्यात आपल्यासाठी काय आहे?

• अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य.

• प्राधान्य कुटुंब असेल तर दर माणशी ५ किलो. म्हणजे कार्डावर पाच नावं असतील तर २५ किलो.

• कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या बाईचं नाव. कायद्याने ती जागा आपली आहे.

• हक्काचं धान्य मिळालं नाही, तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद.

यंत्रावर अंगठा लावला की पावती मागून घ्या. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळतात का, ते तिथेच बघा. जुळत नसतील तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. १९६७ या नंबरवर फोनही करता येतो. तिथे दाद लागली नाही, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहेत.

एकटीला जायला भीती वाटते? खरं आहे. पण दहा जणी मिळून गेलो, तर साहेबही खुर्ची देतात! गटाच्या पुढच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकासोबत रेशन कार्डही आणा. कुणाचं नाव राहिलंय, कुणाला कमी मिळतंय, ते सगळ्या मिळून बघू.