गाडीची अडलेली कांच

घरांत मोटारगाडी आली कीं तिच्याबरोबर तिचीं दुखणींहि येतात. आणि ती गाडी दुसऱ्याच्या हातची असली, म्हणजे तीं दुखणीं आधींच्या घरून आलीं कीं आपल्या घरीं उपजलीं, हा वाद ठेवलेलाच. गेल्या आषाढांत आमच्या मुलुंडच्या घरीं असा एक वाद तीन दिवस चालला. वादाचें मूळ होतें मागच्या डाव्या दाराची कांच. त्या कांचेनें आम्हांस विजेचें थोडें ज्ञान दिलें, व स्वतःविषयींचें त्याहून थोडें अधिक. तें आमच्या वाचकांच्या कामीं पडावें, एवढ्यासाठींच हा लेख.

गाडी आम्हीं आमच्याच गल्लींतील एका निवृत्त मास्तरांकडून घेतली होती. मास्तर एकटे राहतात. मुलगा परदेशीं असतो, आणि रात्रीं डोळ्यांना नीट दिसेनासें झाल्यामुळें त्यांनीं गाडी काढून टाकली. तीस वर्षांचा घरोबा. भावाची घासाघीस झाली नाहीं. पुढें दोन महिन्यांनीं, एका रविवारीं, मातुःश्रींना घेऊन आम्ही ठाण्यास बारशाला गेलों होतों. परततांना उकडतें म्हणून मातुःश्रींनीं आपल्या बाजूची कांच खालीं केली. जुन्या आग्रा रस्त्यानें, म्हणजे आतांच्या लाल बहादूर शास्त्री मार्गानें, चेक नाक्यापाशीं येतों न येतों तोंच सर कोसळली, आणि कांच वर येईना. बटण दाबून दाबून बोटें दुखलीं. घरीं पोंचेपर्यंत मातुःश्रींचा डावा खांदा व पदर चिंब झाला, आणि रात्रीं ऐंशी वर्षांच्या त्या जिवाला कणकण आली.

घरांत एकच गिल्ला झाला. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, मास्तरांनीं हें लपविलें. गाडी पुराच्या पाण्यांत उभी राहिलेली असणार!" २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व मुंबईंत असंख्य गाड्या बुडाल्या, तेव्हांपासून जुनी गाडी म्हटली कीं आमच्या घरीं पहिला संशय पाण्याचा. आम्हांसहि बंधूंचें म्हणणें पटलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मास्तर नेहमीप्रमाणें फाटकाशीं उभे राहून हंसले, तेव्हां आम्हीं मान वळविली. ती वळविलेली मान आठवली कीं आजहि लाज वाटते.

पूर्वीं हा प्रश्नच नव्हता. ह्याच रस्त्यावर, कुर्ल्यास, प्रीमियर कंपनीच्या कारखान्यांत पद्मिनी गाड्या तयार होत. त्यांच्या दारांना कांच चढविण्याचें हँडल असे. तें जड झालें तर हाताला कळे, आंतले दांते घसरले तर तेंहि कळे. विजेनें कांच हालविण्याची सोय अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९४० सालीं आणली. आज 'पॉवर विंडो' आपल्याकडील साध्या गाड्यांतहि असते. सोय वाढली, परंतु हाताचें ज्ञान गेलें. आतां बोटाला कांहींच कळत नाहीं. जें कळावयाचें तें कानानें व विचारानें.

दाराच्या आंत काय असतें तें आधीं पाहूं. बॅटरींतून निघालेला बारा व्होल्टांचा प्रवाह फ्यूजमधून बटणाकडे व बटणाकडून तारेनें एका लहान मोटरीकडे येतो. प्रवाह एका दिशेनें गेला कीं कांच चढते, उलट दिशेनें गेला कीं उतरते. ही मोटर दारांतील 'मशीन' फिरविते. मशीन हा गॅरेजांतला शब्द. कांचेला धरून वर खालीं सरकविणारी तारेच्या दोरीची किंवा कात्रीसारख्या दांड्यांची ती रचना होय. कांच ज्या खांचेंत सरकते तिला रबराचें अस्तर असतें. म्हणजे फ्यूज, बटण, तार, मोटर, मशीन व रबर अशीं सहा ठिकाणें झालीं. दोष बहुधा ह्यांपैकींच एका ठिकाणीं असतो. तें ठिकाण न शोधतां एकदम मोटर व मशीन बदलणें म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पहिलें काम कानाचें. गाडींतील गाणीं व पंखा बंद करावा, चावी फिरवून ठेवावी, आणि बटण दाबून दाराशीं कान द्यावा. मोटर घरघर फिरते पण कांच हालत नाहीं, तर वीज पोंचली आहे. मशीनची दोरी तुटली असेल किंवा कांच तिच्या पकडींतून सुटली असेल. नुसता 'टक्' असा आवाज होतो व आंतला दिवा किंचित् मंदावतो, तर मोटर जोर करीत आहे, पण कोठें तरी अडली आहे. कांच कण्हत, रखडत चढते, तर बहुधा रबर सुकलें व खांचेंत धूळ बसली. आणि सारें अगदीं निःशब्द असेल, तर वीज वाटेंतच थांबलेली असण्याचा संभव अधिक. मुलांनीं खेळ म्हणून कांच पुष्कळदां वर खालीं केली असेल, तर मात्र थोडें थांबावें. अनेक गाड्यांच्या मोटरी तापल्या म्हणजे आपोआप बंद होतात व निवाल्या कीं पुन्हां चालतात.

दुसरें काम तुलनेचें. चारी कांचा एकदम बंद पडल्या तर दोष फ्यूजचा किंवा चालकाजवळील मुख्य बटणांचा. एकच बंद पडली तर सहसा त्या दारांतला. चालकाच्या बटणानें चालते पण मागच्या बटणानें चालत नाहीं, तर आधीं चालकाजवळची कुलुपाची कळ पाहावी. ती दाबलेली असली कीं मागचीं बटणें मुद्दामच मुकीं होतात. फ्यूज जळला असेल तर तितक्याच अँपियरचा नवा घालावा. त्याच्या जागीं जाड तार किंवा चांदीचा कागद घालणें म्हणजे आगीला आमंत्रण होय. तसेंच, बॅटरी काढून पुन्हां बसविल्यावर एका स्पर्शानें चढणारी कांच तशी चढेनाशी झाली, तर तो बिघाड नव्हे. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या रीतीनें तिला पूर्वीची संवय लावून द्यावी लागते.

पाऊस पडत असतां एवढा विचार करण्यास सवड नसते, हें आम्हीहि जाणतों. त्या रात्रीं पुतण्यानें बटण चढविण्याच्या बाजूस धरून ठेवलें, आणि आम्हां दोघां भावांनीं, एकानें आंतून व एकानें बाहेरून, तळहात कांचेला सपाट लावून ती वर ढकलून पाहिली. रबर सुकलें असेल किंवा मोटर दमली असेल तर ही युक्ति चालते. आमची कांच बोटभरहि हालली नाहीं. कारण वीज नसली म्हणजे मोटरीचे दांते कांचेला जागच्या जागीं धरून ठेवतात. शेवटीं जाड प्लॅस्टिक बाहेरून चिकटपट्टीनें लावून रात्र काढली.

सोमवारीं एका मिस्त्रीला गाडी दाखविली. तो म्हणाला, मोटर व मशीन दोन्ही बदलूं. त्याचेंहि चुकलें असें म्हणवत नाहीं. दारांत शोधीत बसण्यापेक्षां बदलणें खात्रीचें. पण पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "काका, मला एक दिवस द्या."

मंगळवारीं त्यानें आरंभ केला. मागचीं दोन्ही बटणें सारखींच होतीं. त्यांची त्यानें अदलाबदल केली. दोष डाव्या दारांतच राहिला, म्हणजे बटण निर्दोष ठरलें. मग दाराचें आंतलें पॅड काढलें. (ज्या गाड्यांच्या दारांत एअरबॅगा किंवा त्यांचीं उपकरणें असतात, तेथें हें काम जाणत्यावरच सोंपवावें.) आंत चिखलाची रेघ नव्हती, गंज नव्हता, कुजका वास नव्हता. बंधूंचा पुराचा तर्क तेथेंच वाहून गेला. पुतण्यानें मोटरीच्या तारा सोडवून त्यांना बारा व्होल्टांचा लहान दिवा जोडला व बटण दाबलें. दिवा लागेना, म्हणजे मोटरीपर्यंत वीजच येत नव्हती. "आतां दार हळूहळू मिटा पाहूं," बटण तसेंच धरून तो म्हणाला. आम्हीं दार हालविलें, आणि अर्ध्या वाटेवर दिवा क्षणभर लुकलुकला.

तेथें सारें उलगडलें. दार व गाडीचें अंग ह्यांच्यामध्यें, बिजागरीपाशीं, रबराची एक नळी असते. दारांत जाणाऱ्या साऱ्या तारा तिच्यांतून जातात, व दर वेळीं दार उघडतां मिटतां वांकतात. नळी सरकवून पाहिली, तों एका तारेच्या वेष्टनाला भेग व आंतले तांब्याचे केंस मोडलेले. दार एका विशिष्ट कोनांत आलें म्हणजे तीं टोकें एकमेकांस टेकत, एरवीं नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, ती तार कोणाच्या घरीं तुटली? मास्तर एकटे, त्यांचें मागचें दार क्वचितच उघडलें असेल. तार वयानें ताठ झाली होती, हें खरें. पण आमच्या घरीं माणसें नऊ. आणि उजवीकडे रहदारी असते म्हणून सर्वांनीं डाव्या दारानेंच चढावें उतरावें, असा नियम आम्हींच घालून दिलेला. शाळा, देऊळ, भाजी, दवाखाना, असें तें दार दिवसांतून वीस वेळां उघडे. जो दोष आम्ही मास्तरांच्या माथीं मारीत होतों, तो आमच्याच घरच्या वर्दळीचा होता.

बुधवारीं गाडीच्या विजेचें काम जाणणाऱ्या एका कारागिराकडून, बॅटरी सोडवून, तितक्याच जाडीच्या मऊ तारेचा तुकडा जोडून घेतला. सांधा मात्र वांकण्याच्या जागेपासून दूर ठेवविला. नवी मोटर व मशीन ह्यांच्या मानानें खर्च अगदींच थोडा आला.

काम झालें म्हणून पुतण्यानें उत्साहानें बटण दाबलें. तीन दिवस निश्चल असलेली कांच सरसर चढूं लागली, आणि आमच्या चार वर्षांच्या नातीचीं बोटें नेमकीं तिच्या कडेवर! ओटीवर बसलेल्या मातुःश्री ओरडल्या, "अरे, हात!" पुतण्यानें बटण सोडून कांच उतरविली. बोटांवर लाल वळ उठला, तेवढ्यावर निभावलें. अडथळा लागतांच कांच आपण होऊन मागें फिरावी, अशी सोय कांहीं गाड्यांत असते. परंतु पुष्कळ गाड्यांत ती चालकाच्याच कांचेला असते, आणि मुलें बसतात मागें. शिवाय जुन्या धर्तीचें बटण नुसतें दाबलें तरी कांच चढे, त्यामुळें बाहेर डोकावणाऱ्या मुलाचा गुडघा त्यावर पडण्याचें भय असे. म्हणून अमेरिकेंत २००५ सालच्या कायद्यानें, बटण वर ओढल्याखेरीज कांच चढूं नये, असा नियम करण्याचें ठरलें. आमच्या घरींहि आतां नियम आहेत: मुलें मागें असतां कुलुपाची कळ दाबलेलीच असावी, कांच चढविण्यापूर्वीं मागें वळून पाहावें, चावी गाडींत ठेवून मुलांना एकटें सोडूं नये, आणि दुरुस्ती चालूं असतां तीं गाडीजवळ नसावींत.

जुनी गाडी घेणारांनीं प्रत्येक कांच दोन्ही बटणांनीं पूर्ण उतरवून चढवून पाहावी. दार मिटलेलें असतां, व उघडें असतांहि. पावसाळ्यापूर्वीं रबराची खांच ओल्या फडक्यानें पुसून तिला सिलिकॉनचा फवारा द्यावा. तेल वा ग्रीस घालूं नये, तें धूळ धरतें व रबर बिघडवितें. दाराच्या तळाशीं पाणी निथळण्यासाठीं बारीक भोकें असतात, तीं काडीनें मोकळीं करावींत. आणि कोणास दोष देण्यापूर्वीं दोष शोधावा.

त्याच सायंकाळीं आम्ही मास्तरांकडे गेलों व सारी हकीकत सांगितली, वळविलेली मानसुद्धां. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अहो, त्याच रात्रीं हांक मारली असती, तर मीहि छत्री धरून उभा राहिलों असतों." ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

पुढच्या रविवारीं कालिदास नाट्यमंदिरांत नाटकाला त्यांना आम्हीं त्याच गाडींतून नेलें. ते मागें, डाव्या बाजूस, मातुःश्रींच्या शेजारीं बसले. गल्लीच्या तोंडाशीं त्यांनीं कांच एकदां उतरविली, पुन्हां चढविली, आणि म्हणाले, "इतकीं वर्षें गाडी माझी होती, पण ह्या बाजूला मी कधीं बसलोंच नव्हतों."