दोन तिकिटांत नामवंतांची सही घरपोच! पोस्टाने कशी मागवायची? जाणून घ्या

समुद्रपूर : आवडत्या लेखकाची किंवा खेळाडूची सही हवी म्हणून मुंबई-पुणे गाठायलाच पाहिजे असं नाही. गिरड असो, नंदोरी असो की कोरा, गावातूनच पत्र टाकून सही मागवता येते. खर्च दोन तिकिटांचा; वाट पाहायची तयारी मात्र हवी.

वर्धा जिल्ह्याला सह्यांचं वेड नवं नाही. गांधीजी 1936 मध्ये सेगावला राहायला आले. सही मागणाऱ्याकडून ते हरिजन फंडासाठी 5 रुपये घ्यायचे. त्या काळात ही रक्कम मोठी होती. सेगावचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून 1940 मध्ये गावाचं नावच 'सेवाग्राम' झालं. पत्त्यातला गोंधळ किती महागात पडतो, ते यावरून कळतं.

पत्र कुठं पाठवायचं?
लेखकाला प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवा. तो पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेला असतो. खेळाडूला त्याच्या संघटनेच्या, तर आमदाराला विधान भवनाच्या पत्त्यावर लिहा. कोणाच्या घरचा पत्ता शोधत बसू नका.

पाकिटात काय टाकायचं?
- एका पानाचं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र. कोणतं पुस्तक किंवा कोणता सामना आवडला, ते नेमकं लिहा. नुसती स्तुती नको.
- सहीसाठी पोस्टकार्डाएवढं जाड, कोरं कार्ड.
- तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. त्यावर तुमचं नाव, मु. पो., ता. समुद्रपूर, जि. वर्धा आणि पिनकोड आधीच लिहा. हे पाकीट नसेल तर उत्तराची आशा कमीच.

साध्या पाकिटाला 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांचं तिकीट लागतं. कार्ड आणि परतीच्या पाकिटानं वजन वाढतं, म्हणून पोस्टात वजन करूनच तिकीट लावा. तिकीट कमी पडलं तर पत्र बैरंग होतं आणि समोरच्याला दुप्पट भुर्दंड बसतो. मग सही कसली मिळणार?

सही खरी की छापील?
भिंगातून पाहा. पेनाच्या सहीत शाई कुठं दाट, कुठं फिकी दिसते. कागदावर दाबही जाणवतो. छापील सही बारीक ठिपक्यांची किंवा सगळीकडं एकसारखी दिसते. मोठ्या कलाकारांच्या कार्यालयातून बरेचदा छापील फोटोच येतात. त्यात फसवणूक नाही, पण ती सही नव्हे.

इथं सावध राहा
'सही मिळवून देतो, आधी पैसे पाठवा' असा मेसेज आला तर दुर्लक्ष करा. आधार क्रमांक, ओटीपी कोणालाही देऊ नका. सहीसाठी त्यांची गरजच नसते.

घरातली जुनी पेटी उघडून बघा
आपल्या जिल्ह्यात गांधीजी, विनोबा, जमनालाल बजाज यांचा वावर होता. आजोबा-पणजोबांच्या कागदांत त्यांच्या सहीचं एखादं कार्ड असू शकतं. ते रद्दीत घालू नका. लॅमिनेशनही करू नका. उष्णतेनं आणि गोंदानं कागद कायमचा खराब होतो. ऊन आणि ओल लागणार नाही असं सपाट ठेवा, मोबाइलवर फोटो काढून घ्या. कोणी घरी येऊन 'विकत घेतो' म्हणालं, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय हातातून सोडू नका.