जाहिरातीचे चातुर्य आणि उमरठचा दोर

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर त्यांना वीरमरण आले, आणि त्यांचा देह मढेघाटाने येथे आणला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी आमच्या गावात आहे. अशा ठिकाणी आयुष्यभर मुलांना रूपे चालविण्यास शिकविलेल्या आमच्यासारख्या वृद्ध मास्तराने जाहिरातींवर लेख लिहावा, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु प्रसंगच तसा घडला.

पावसाळ्यापूर्वीची गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी ओसरीवर येऊन बसला. त्याने पोलादपुरास दोर, ताडपत्र्या व शेतीची अवजारे यांचे दुकान काढले होते. खिशातून एक कागद काढून तो म्हणाला, "गुरुजी, दुकानावरच्या पाटीचा मजकूर आहे. तेवढे ऱ्हस्वदीर्घ पाहून द्या." कागदावर कडा चढणाऱ्या मावळ्यांचे चित्र होते आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'सूर्याजीने कापला असता, तरी हा दोर तुटला नसता!'

आम्हांस प्रथम हसू आले. ओसरीवरची सारी मंडळी हसली, आमच्या धाकट्या बंधूंनी तर "वा! वा!" म्हणून दाद दिली. ऱ्हस्वदीर्घाची चूक एकही नव्हती. तरीसुद्धा तो कागद 'ठीक आहे' म्हणून परत देण्यास मन धजेना. "उद्या ये, सांगतो," एवढेच आम्ही बोललो. त्या रात्री मनात जे विचार आले, तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

संस्कृत साहित्यशास्त्रात मम्मटाने उपदेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वेद धन्याप्रमाणे आज्ञा करितो. पुराणे व इतिहास मित्राप्रमाणे समजावितात. काव्य मात्र प्रियपत्नीप्रमाणे गोडीने मन वळविते. जाहिरातींनाही हीच वाटणी लागू पडते. 'आजच विकत घ्या' ही धन्याची आज्ञा. 'या तेलाने केस गळत नाहीत' हा मित्राचा सल्ला, निदान तसा आव. तिसरी जाहिरात मात्र अर्धेच बोलते आणि उरलेले अर्धे वाचकावर सोपविते. ते अर्धे आपण आपल्या बुद्धीने पुरे केले की आपणांस आपलेच कौतुक वाटते, आणि त्या कौतुकाचा थोडा अंश मालाच्या वाट्यास जातो. जाहिरातीतले चातुर्य म्हणतात ते हेच. त्यात धोकाही आहे. जे वाक्य आपण स्वतः पुरे केले, त्याविषयी सहसा आपण शंका घेत नाही.

आपल्या महाराष्ट्रातीलच एक जुने उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्या काळचा प्रेक्षक रात्र रात्र चालणाऱ्या नाटकांस सरावलेला. थोड्या वेळात संपणाऱ्या खेळास तो पैसे का देईल? तेव्हा दादासाहेबांनी केलेल्या जाहिरातीची गोष्ट प्रसिद्ध आहे: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि मोल अवघे तीन आणे! आम्ही मास्तर पडलो. हिशेब केल्यावाचून राहवले नाही. चित्रपटाच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांस सोळाने भागले की सुमारे ३,५६० फूट येतात, आणि त्या चित्रपटाची लांबी ३,७०० फुटांच्या आसपास सांगतात. म्हणजे छायाचित्रांचा आकडा बहुतांशी खरा. परंतु दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! सत्यवचनी राजाच्या खेळाची जाहिरात अशी तिपटीने फुगलेली होती. तरी दादासाहेबांवर आम्ही रागावत नाही. प्रेक्षक मैल विकत घेण्यास आला नव्हता. तो हरिश्चंद्र पाहण्यास आला आणि हरिश्चंद्र पाहून गेला. येथे अतिशयोक्ती हा निव्वळ अलंकार झाला.

हीच अतिशयोक्ती औषधाच्या बाटलीवर चढली म्हणजे मात्र तिचे विष होते. जुन्या मासिकांची पाने चाळली तर सर्व रोगांवर एकच रामबाण मात्रा विकणाऱ्या जाहिराती पानोपानी आढळतात. आशेने ती मात्रा घेणाऱ्या रोग्यास तो अलंकार आहे हे कोण सांगणार? म्हणूनच १९५४ साली औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला, आणि १९८५ साली खुद्द जाहिरातदारांनीच मुंबईत मानके ठरविणारी परिषद स्थापिली.

आता विनोदाकडे वळू. १९६६ साली मुंबईचे सिल्वेस्टर डाकुन्हा यांनी अमूल लोण्याच्या जाहिरातीचे काम हाती घेतले, आणि युस्टेस फर्नांडिस या चित्रकाराने ठिपक्यांचा झगा घातलेली, निळ्या केसांची एक खट्याळ मुलगी रेखाटली. तेव्हापासून मुंबईच्या रस्त्यांवरील फलकांवर ती देशातील घडामोडींवर शेरे मारीत आली आहे. क्रिकेटचा सामना असो, निवडणूक असो वा नवा चित्रपट असो, एका शब्दाचे दोन अर्थ करून ती मोकळी होते. आपल्या अलंकारशास्त्रातील श्लेष तो हाच. यातील मौज अशी की, लोणी कसे आहे याविषयी ती मुलगी फारसे बोलतच नाही, आणि ज्याने वर्तमानपत्र वाचले नाही त्यास निम्मा विनोद कळत नाही. विनोदाची सामग्री जाहिरातदाराच्या घरची नसते. ती वाचकाच्या आठवणीतून उसनी घेतलेली असते.

दुसरे उदाहरण अक्षरांचे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी घडविलेली शीर्षके आमच्या पिढीने वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत पाहिली. जागा बोटभर, रंग नाही, पुष्कळदा चित्रही नाही. तरी नाटक गंभीर आहे की हलकेफुलके, हे नुसत्या अक्षरांच्या वळणावरून ध्यानी येई. काना, वेलांटी व शिरोरेषा यांच्याकडून त्यांनी अभिनय करवून घेतला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्यांचे समकालीन र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडविला. शेडगे व जोशी या दोघांनीही आपली लिपी परक्या वळणात न कोंबता तिच्याच स्वभावातून नवे रूप काढले.

असो. आम्ही पुनः त्या कागदाकडे वळलो. आमच्या विद्यार्थ्यानेही सामग्री उसनीच घेतली होती, आणि तीही गावाच्या सर्वांत मोलाच्या ठेवीतून. अशा उसनवारीस कायद्याची आडकाठी आहे काय? १९५० च्या एका कायद्याने काही नावे व चित्रे सरकारी परवानगीवाचून व्यापारात वापरण्यास मनाई केली आहे, आणि त्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. तानाजीचे नाही, सूर्याजीचेही नाही. संभाजी महाराजांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिडीचे नाव बदलण्यास तिचे उत्पादक २०२० साली तयार झाले, तेही लोकांनी आवाज उठविल्यावर. तात्पर्य, यादी संपते तेथून पुढे ज्याचा त्याने विवेक करावयाचा.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थी आला. आम्ही त्यास विचारले, "सूर्याजीने दोर का कापले, आठवते का?"

"आठवते की, गुरुजी. तानाजीराव पडले, मावळे माघारी पळू लागले. परतीची वाटच राहू नये म्हणून."

"मग तुझा न तुटणारा दोर तेथे असता, तर काय झाले असते?"

तो क्षणभर गप्प राहिला आणि मग खो खो हसत सुटला. "गुरुजी, कोंढाणा गेला असता!"

"आणखी एक विचारतो. या दोरावर तू स्वतः विहिरीत उतरशील?"

आता त्याचे हसू मावळले. "नाही, गुरुजी. हा पोहऱ्याचा दोर. गाळ काढायला माणूस उतरायचा तर जाड दोर निराळा असतो."

"तुझी पाटी तर सांगते की हा तुटतच नाही. एखाद्याने ते खरे मानले तर?"

त्यावर तो काही बोलला नाही. कागदाची घडी करून निघून गेला. आपण पोराचा उत्साह उगीच मारला, अशी रुखरुख आम्हांस दोनचार दिवस लागून राहिली.

पुढल्या आठवड्यात पोलादपुरास जाण्याचा योग आला. दुकानावर नवी पाटी लागली होती. मावळे नाहीत, तलवार नाही, कोणाचे नावही नाही. एकच ओळ होती: 'गड सर झाला, आता पाणी शेंदावयाचे!' त्या ओळीची शिरोरेषा दोरासारखी पीळ देऊन काढली होती, आणि शेवटच्या अक्षरानंतर तो दोर खाली सुटून त्याच्या टोकास एक पोहरा लोंबत होता. त्याखाली लहान पण स्वच्छ अक्षरांत लिहिले होते, 'माणूस उतरावयाचा असल्यास जाड दोर निराळा मागावा.'

यातील एकही शब्द आमचा नाही. आमच्या गावच्या माणसास ती ओळ वाचताच कळते. महाबळेश्वराच्या वाटेवरील प्रवासी मात्र थांबून विचारतो, "गड कोणता?" मग दुकानदार दोर बाजूस ठेवून त्यास आधी उमरठची गोष्ट सांगतो. गिऱ्हाइकाने दोर घेतला तर उत्तम, न घेतला तरी गोष्ट घेऊन तो जातो. उसने घेतलेले असे व्याजासह परत करता आले, म्हणजे जाहिरातीच्या चातुर्यास आमच्यासारख्या जुन्या मास्तरानेही पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

त्या दिवशी आम्हीही आमच्या घरच्या आडासाठी पंधरा हात दोर घेतला. पोहऱ्याचाच.