मोबाईल : भीती नेमकी कशाची?

सोलापूर-धुळे महामार्गाने येडशीहून बीडच्या दिशेला निघाले, की बालाघाटाच्या डोंगररांगांत तेरखेडा हे गाव लागते. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील या गावाचे नाव मराठवाड्यात घेतले जाते ते शोभेच्या दारूसाठी. पाऊस बेताचा आणि हवा कोरडी, त्यामुळे ओल्या मालाच्या वाळवणीस हे हवामान सोयीचे. तमिळनाडूतील शिवकाशीची भरभराटही अशाच कोरड्या हवेवर झाली. दिवाळी, लग्नसराई आणि गावोगावच्या जत्रा यांवर तेरखेड्यातील अनेक घरांची चूल पेटते. तेथील कारखान्यांत वेळोवेळी झालेल्या स्फोटांत मजुरांचे प्राणही गेले आहेत. ठिणगी म्हणजे काय, हे या गावाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

फटाक्यांच्या कारखान्यात काडेपेटी आणि विडी-सिगारेटला जसा मज्जाव, तसाच आता भ्रमणध्वनीलाही असतो. नियम सोपा आहे, परंतु त्यामागील कारण विचारले तर दहा जणांकडून दहा उत्तरे येतील. ‘मोबाईलच्या लहरींनी दारू पेटते’ हे त्यांतील सर्वांत लाडके उत्तर आणि ते चुकीचे आहे. नियम योग्य, मात्र कारण चुकीचे, अशी ही स्थिती आहे. शहरात राहणारे आपण सुशिक्षित लोकही मोबाईलच्या बाबतीत नेमके याच स्थितीत आहोत. टॉवरच्या नावाने आपण सोसायटीच्या सभेत आवाज चढवतो आणि रात्री तोच मोबाईल चार्जरला लावून उशीखाली ठेवून झोपतो.

शोभेच्या दारूत प्राणवायू पुरवणारा एक क्षार असतो आणि जळणारा एक पदार्थ असतो. गंधक, कोळसा किंवा ॲल्युमिनियमची भुकटी हे असे जळणारे पदार्थ. दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि किंचित उष्णता, घर्षण किंवा आघात मिळाला की पेट घेतात. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण तर इतके चिडके, की १९९२ मध्ये देशात त्यावर बंदी घालावी लागली. कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याचे कपडे घालून वावरणाऱ्या माणसाच्या अंगावर काही हजार व्होल्टची स्थितिक वीज साचू शकते. तिची ठिणगी डोळ्यांना दिसतही नाही, पण बारीक दारूला ती पुरते. म्हणून या कामात सुती कपडे, खोल्याखोल्यांत अंतर, एका खोलीत मोजकीच माणसे आणि थोडीच दारू हे पथ्य असते. देशभरातील स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटने’चे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तिच्या साऱ्या नियमावलीचा गाभाही हाच : ठिणगी होऊ देऊ नका आणि झालीच तर ती पसरू देऊ नका.

या खोलीत मोबाईल काय घेऊन येतो? लहरी घेऊन येतोच. मात्र जुन्या जीएसएम मोबाईलची कमाल प्रक्षेपणशक्ती क्षणिक दोन वॅटच्या आसपास असे आणि आजचे मोबाईल बहुधा त्याहूनही कमी शक्तीवर काम करतात. एवढ्याने दारूचा ढीग पेटण्याइतका तापत नाही. लहरींची खरी धास्ती बाळगावी असे एक ठिकाण मात्र आहे आणि मराठवाड्याला ते चांगलेच परिचित आहे, ते म्हणजे विहिरीवरचे सुरुंगकाम. तेथे विजेवर उडणारे डिटोनेटर वापरलेले असले, तर त्यांच्या लांब तारा अँटेनासारख्या वागतात. जवळच्या शक्तिमान प्रक्षेपकामुळे त्यांत प्रवाह निर्माण होऊ शकतो. सुरुंगाच्या जागी रेडिओ आणि मोबाईल बंद ठेवण्याचा दंडक त्यासाठी आहे. फटाक्यात अशा तारा नसतात.

पेट्रोल पंपावरील फलकाचीही कथा अशीच. मोबाईलच्या लहरींमुळे पंपावर आग लागल्याच्या बातम्या जगभर फिरल्या, पण तसा दुवा कधी सिद्ध झाला नाही. पंपांवरील बऱ्याच आगींचा माग स्थितिक विजेपर्यंत पोचला. गाडीच्या आसनावरून घसरत उतरलेला माणूस थेट नळीला हात लावतो आणि ठिणगी पडते. फलक मानावा, यात शंका नाही. आग न लागो, पण पेट्रोल भरताना माणसाचे लक्ष पेट्रोलकडे असावे, एवढे कारणही त्याला पुरेसे आहे.

लहरींचा विषय निघालाच आहे, तर आरोग्याचेही बोलून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात टाकले. ‘पुरावा मर्यादित, शक्यता नाकारता येत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. पुढे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून हॅण्डसेटवर एका ग्रॅम पेशींमागे सरासरी किलोला १.६ वॅट ही शोषणाची कमाल मर्यादा आहे. बहुतेक संचांवर *#०७# दाबल्यास आपल्या मोबाईलचा आकडा पाहता येतो. ज्यांना तरीही चिंता वाटते त्यांनी इयरफोन लावावा, कारण अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. गंमत अशी, की सिग्नल क्षीण असेल तेथे मोबाईल आपली शक्ती वाढवतो आणि टॉवर जवळ असेल तेथे कमी करतो. टॉवर हटवून आपण कानाजवळचा प्रक्षेपक जोरात चालू करतो, हे सोसायटीच्या सभेत कोणी सांगत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मोबाईल ठिणगी आणतो ती बॅटरीतून. लिथियम-आयन बॅटरीत धन आणि ऋण असे दोन थर गुंडाळलेले असतात. त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो आणि सगळीकडे ज्वलनशील द्राव मुरलेला असतो. बॅटरी वाकली, चेपली, टोचली गेली किंवा तिच्या घडणीतच दोष राहिला, तर हा पडदा फाटतो आणि दोन्ही थर एकमेकांना भिडतात. तापमान चढत जाते. सुमारे १३० अंशांला पडदाच वितळू लागतो आणि मग उष्णतेतून उष्णता अशी साखळी सुरू होते, जी थांबवता येत नाही. थोड्या जागेत खूप ऊर्जा कोंबली आहे आणि ती अडवायला एक पातळ पडदा आहे. तेरखेड्याच्या कारागिराला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

बॅटरीचे हे रूप ग्राहकांनी दोनदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने ‘बीएल-५सी’ जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांविषयी इशारा दिला. चार्जिंग करताना त्या अतिशय तापण्याचा संभव होता. बॅटरीवरील क्रमांक पडताळण्यासाठी तेव्हा आपल्याकडे घरोघरी मोबाईलची पाठ उघडली गेली. प्रत्यक्षात तापण्याच्या घटना जगभरात शंभराच्या आसपास होत्या. पुढे २०१६ साली सॅमसंगला ‘गॅलेक्सी नोट ७’ हा संचच बाजारातून मागे घ्यावा लागला, कारण बॅटरीच्या घडणीतील दोषांमुळे संच पेट घेत होते. नोकियाच्या त्या संचांत पाठ उघडून बॅटरी बदलता येत होती. आजच्या संचांत ती आत चिकटवलेली असते, त्यामुळे ती फुगली तरी चटकन ध्यानात येत नाही.

फुगलेली बॅटरी ओळखावी कशी? पडदा एका कडेने उचललेला दिसतो, पाठीचे झाकण नीट बसत नाही, टेबलावर ठेवलेला मोबाईल डुगडुगतो. यांपैकी काहीही दिसले तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे. ती बॅटरी दाबून बसवू नये आणि टाचणीने वायू सोडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. ती घरच्या कचऱ्यातही टाकू नये, कारण कचरागाडीत चेपल्यावर ती तेथे पेटते. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रातच ती द्यावी.

आपल्याकडील ऊन हा बॅटरीचा दुसरा शत्रू. साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे मोबाईलच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. धाराशिव, सोलापूर, लातूर भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत डॅशबोर्ड साठ अंशांच्या पुढे सहज जातो. तेथे नकाशा लावून, शिवाय चार्जरची वायर खुपसून मोबाईल तापवत ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य हाताने कमी करणे होय. उशीखाली, गादीवर, रजईत चार्जिंग केल्याने होते तेही हेच. चार्जिंगची उष्णता बाहेर पडायला हवा लागते, कापूस ती कोंडतो आणि पुढे जळतोही. कठीण, मोकळा पृष्ठभाग आणि जागे असतानाचे चार्जिंग, एवढ्याने निम्मी काळजी मिटते.

चार्जरबाबत मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण येथे जीव जातात. भिंतीतील वीज २३० व्होल्टची आणि मोबाईलला हवी पाच व्होल्टच्या आसपास. या दोहोंमध्ये चार्जरमधील लहानसा ट्रान्स्फॉर्मर आणि त्याभोवतीचे इन्सुलेशन एवढीच भिंत असते. फुटपाथवरच्या स्वस्त चार्जरमध्ये काटकसर होते ती याच भिंतीवर. ती ढासळली तर २३० व्होल्ट थेट कानाशी लावलेल्या मोबाईलपर्यंत पोचतात. ओल्या हातांनी, अनवाणी, चार्जिंग चालू असताना बोलत राहणे धोक्याचे म्हणतात ते यामुळे. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असलेल्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवर ‘आयएस १३२५२’ आणि बॅटरीवर ‘आयएस १६०४६’ असा उल्लेख असतो, शेजारी ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा की खोटा हे पाहता येते. शंभर रुपयांच्या खरेदीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. मात्र तो चार्जर आपण लेकराच्या उशाशी लावणार असतो.

मोबाईल पेटलाच तर आधी भिंतीवरील बटण बंद करावे, त्याला हाताने उचलू नये, आजूबाजूचे कापड-कागद दूर करावेत. चार्जरपासून सुटलेल्या मोबाईलवर भरपूर पाणी ओतावे. बॅटरी थंड करण्यास पाणीच उपयोगी पडते, आणि विझल्यासारखी वाटणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते. फटाक्यांच्या दारूतील धातूच्या भुकटीला आग लागली तर हाच उपाय उलटतो, कारण तापलेला धातू पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतो. विमानप्रवासात पॉवर बँक सामानाच्या बॅगेत न ठेवता हातातील पिशवीत ठेवायला सांगतात त्याचेही कारण बॅटरीची आग हेच. डोळ्यांसमोर पेटली तर विझवता येते, पोटातील सामानकक्षात पेटली तर कळतही नाही.

मृगाच्या आगेमागे मराठवाड्यात विजा पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. ‘मोबाईल वीज ओढतो’ असे तेव्हा हटकून ऐकू येते. मोबाईल वीज ओढत नाही. मोकळे रान, एकटे झाड, उंचवटा या जागा धोक्याच्या आहेत, मग खिशात मोबाईल असो वा नसो. २००६ साली लंडनच्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मोबाईलवर बोलताना वीज पडलेल्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा ही चर्चा जगभर रंगली होती. धोका आहे तो घरात चार्जरला लावलेल्या मोबाईलला, कारण जवळ पडलेल्या विजेचा झटका तारेतून येतो. कडकडाट सुरू झाला की चार्जर काढून ठेवावा. उलट शेतात असणाऱ्याच्या खिशातला मोबाईल कामाचा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांची आगाऊ सूचना देते. भीतीने मोबाईल घरी ठेवणारा नेमकी तीच सूचना घरी ठेवतो.

आता पुन्हा तेरखेड्याच्या महामार्गावर. तेथे आणि मुंबई-पुणे रस्त्यावरही मोबाईलचा सर्वांत घातक भाग बॅटरी नव्हे, पडदा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. एक संदेश वाचायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्यात १११ मीटर रस्ता न बघता मागे पडतो, म्हणजे एकापुढे एक मांडलेली कबड्डीची आठ मैदाने. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातातील मोबाईल वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते आणि पहिल्या गुन्ह्यालाही कैद किंवा दंड, अथवा दोन्हींची तरतूद आहे. हात मोकळे ठेवणारे यंत्र कानात घातले म्हणजे कायदा पाळला गेला असे अनेकांना वाटते. हात मोकळे होतात, मन होत नाही.

मन गुंतवून घाई करायला लावणे हे फसवणूक करणाऱ्यांचेही भांडवल असते. ‘खाते आत्ताच बंद होईल’, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगणारा विचाराला वेळ देत नाही. दूरध्वनीवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. पुढच्या खात्यांतून ते काढले जाण्यापूर्वी गोठवता येतात, पण त्यासाठी मिनिटे मोजकी असतात. या क्रमांकावर दूरध्वनी करायला बरेच जण लाजतात आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जातात. तोवर रक्कम अनेक खात्यांत फिरून पसार झालेली असते.