चुलीचा धूर घरात का उलटतो?

शेगावच्या परिसरात ‘चूल धूर ओढत नाही’ असे म्हणतात. वस्तुतः धूर ओढते ते धुराडे. त्यातील तप्त वायू बाहेरच्या हवेहून हलका असल्याने वर चढतो आणि त्याच्या मागोमाग चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत शिरते. या प्रवाहात खंड पडला की धूर घरात उलटतो. म्हणून परीक्षा क्रमाने करावी. पऱ्हाटी वा तुराटी ओली नाही ना, वैल उघडा राहिला नाही ना, धुराड्यात काजळी दाटली नाही ना, त्याचे तोंड छपराहून उंच आहे ना, हे पाहावे. थंडीच्या पहाटे धुराडे गार असते. तेव्हा प्रथम त्याच्या तळाशी मूठभर वाळले गवत पेटवावे. दार-खिडकी मात्र उघडीच असावी. कारण धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायूही घरात कोंडतो, आणि डोळ्यांना पाणी आणणारा धूर ओसरला तरी तो उरू शकतो.