मुलाखत मुंबईत, दप्तर बीडमध्ये

दसरा उलटला की ज्या जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, त्या बीड जिल्ह्याला घरदार मागे ठेवून दूर जाणे काही नवे नाही. तथापि अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई या बाजूच्या काही कुटुंबांत अलीकडे निराळ्याच प्रस्थानाची तयारी चाललेली आढळते. पुण्यास अभियांत्रिकी शिकून अमेरिकेस गेलेला आणि यथावकाश तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी झालेला मुलगा रजा काढून गावी येतो, लग्न लागते, सत्यनारायण होतो, रजा संपते, आणि मागे राहिलेली नववधू माहेर व सासर यांच्या दरम्यान कागदपत्रांची वाट पाहू लागते. पतीने अमेरिकी सरकारकडे आय-१३० हा अर्ज करावयाचा, तो मंजूर झाल्यावर तेथील नॅशनल व्हिसा सेंटरकडे फी आणि दस्तऐवज दाखल करावयाचे, पत्नीने डीएस-२६० हा अर्ज भरावयाचा, आणि अखेरीस मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत (जिचे बिऱ्हाड २०११ साली ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून तेथे हलले) जातीने हजर राहून मुलाखत द्यावयाची, असा हा क्रम आहे. त्यातील शेवटच्या पायरीविषयी जिल्ह्यात जितक्या वदंता प्रचलित आहेत, तितक्या दहावीच्या गणिताच्या पेपराविषयीही नसतील.

सर्व गैरसमजांचे मूळ एका समजुतीत आहे: व्हिसा म्हणजे व्हिसा, सगळे सारखेच. कोणा आत्याचा मुलगा पर्यटनासाठी अथवा शिक्षणासाठी जाऊन आलेला असतो आणि तो मोठ्या अधिकारवाणीने सांगतो की, सातबारा ने, आठ-अ ने, मुदत ठेवीच्या पावत्या ने, आणि ‘मी परत येणार आहे’ हे ठासून सांग. त्याच्यापुरता त्याचा सल्ला चुकीचा नव्हता. कारण अमेरिकी कायद्याच्या कलम २१४(बी) अन्वये पाहुणा म्हणून वा विद्यार्थी म्हणून येऊ इच्छिणाऱ्याने आपण कायमचे राहावयास येत नाही हे स्वतः सिद्ध करावयाचे असते. परंतु पतीकडे नांदावयास जाणाऱ्या स्त्रीचा अर्जच मुळी कायम वास्तव्याचा असतो, आणि तिने परतीची हमी देणे म्हणजे आपल्याच अर्जाविरुद्ध जबानी देणे होय. याच समजुतीची दुसरी बाजू म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या पतीची पत्नी ज्या एच-फोर व्हिसावर जाते, त्यालाच लोक ‘ग्रीन कार्डाचा व्हिसा’ समजतात. वस्तुतः तो पतीच्या नोकरीला बांधलेला मुदतीचा परवाना आहे. कायम वास्तव्याच्या व्हिसातही पुन्हा भेद आहे: अमेरिकी नागरिकाच्या पत्नीस वार्षिक संख्येची मर्यादा नाही, कायम रहिवाशाच्या पत्नीस आहे. म्हणून दोन मैत्रिणींचे अर्ज एकाच आठवड्यात गेले तरी मुलाखतीच्या तारखा सारख्या येतीलच असे नाही, आणि त्यात कोणाच्या वशिल्याचा प्रश्न नसतो.

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे तर पैशाचेही सांगून टाकावे. वधूपित्याची ऐपत तेथे विचारली जात नाही. विचारली जाते ती पतीची जामीनकी, आणि तिचे नाव आय-८६४. सर्वसाधारणपणे पतीचे उत्पन्न त्या देशाने ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी असावे लागते, आणि ते कमी पडल्यास तेथील दुसरा नागरिक वा कायम रहिवासी सहजामीन होऊ शकतो. मालमत्ता हिशेबात धरता येते, अगदी पत्नीचीसुद्धा, पण ती वर्षभरात रोख करता येण्याजोगी असावी लागते. भाऊबंदकीत अडकलेली वडिलोपार्जित कोरडवाहू जमीन या व्याख्येत कितपत बसते, हे बीडच्या वाचकास सांगण्याची जरूर नाही. ही जामीनकी किती खोल आहे हे मात्र पतीलाही पुष्कळदा माहीत नसते: पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद तिच्या खाती जमा होईपर्यंत, किंवा तिचा मृत्यू होईपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडीपर्यंत ती टिकते, आणि घटस्फोटाने ती संपत नाही.

आता विवाहाच्या पुराव्याकडे वळू; कारण खरी गाठ येथेच आहे. पुष्कळांना वाटते की पाचशे छायाचित्रांचा अल्बम आणि मंगल कार्यालयाची पावती दाखविली म्हणजे काम भागले. लागतो तो विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली खेड्यात तो ग्रामसेवकाकडून आणि शहरात नगरपरिषदेकडून मिळतो, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले असल्यामुळे तो मागण्यात संकोचण्यासारखे काही नाही. याच्या नेमका उलटा गैरसमज त्याहून घातक आहे. तो असा की, दाखला हाच विवाह. मुलाची रजा पुढच्या डिसेंबरात, मुहूर्त त्यानंतरचा, मग तोपर्यंत ‘कागदोपत्री लग्न’ उरकून व्हिसाचा अर्ज पुढे रेटावा, ही तजवीज अनेक सुशिक्षित घरांत मोठ्या हुशारीची मानली जाते. एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या प्रकरणात न्यायमूर्ती नागरत्ना आणि मसीह यांच्या पीठाने स्पष्ट केले की, हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे योग्य विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीने हिंदू विवाह अस्तित्वात येत नाही. आणि परदेशच्या व्हिसासाठी अशी आगाऊ नोंदणी करण्याच्या प्रथेचा त्या निकालात नाव घेऊन निषेध आहे. ज्यांना विधींपूर्वीच कायदेशीर विवाह हवा आहे त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस द्यावी आणि विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करावा, जो स्वयंपूर्ण असतो. मात्र एकदा ती तारीख विवाहाची ठरली की पुढे सर्व अर्जांत तीच लिहावयाची; पत्रिकेवर एक, दाखल्यावर दुसरी आणि मुलाखतीत तिसरी तारीख सांगणाऱ्या वधूस अधिकाऱ्याने चार प्रश्न अधिक विचारले तर त्याला आकस म्हणता येणार नाही.

तारखांची कथा जन्मापासूनच सुरू होते. मराठवाड्यातील कोणत्याही जिल्हा परिषद शाळेचे प्रवेश निर्गम रजिस्टर उघडून पाहावे: १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या पाहून परक्या माणसास त्या दिवसाच्या पुण्याईचे नवल वाटेल. गुरुजींनी शाळाप्रवेशास सहा वर्षे पूर्ण व्हावीत म्हणून जी सोयीची तारीख घातली, तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधारवर आणि पारपत्रावर गेली, आणि ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीतील खरी तारीख, नोंद असलीच तर, तशीच पडून राहिली. आपल्याकडे शाळेचा दाखला हाच जन्माचा पुरावा मानण्याची सवय असल्याने वकिलातीसही तो चालेल असे लोक धरून चालतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा असून १९७० च्या एप्रिलपासून तो लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्यांकडून जन्मदाखलाच अपेक्षिला जातो. नोंद नसल्यास अनुपलब्धतेचा दाखला घेऊन दुय्यम पुरावे जोडता येतात, अथवा कलम १३(३) खाली विलंबित नोंदणीचा आदेश मिळविता येतो. हा अधिकार पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता, २०२३ च्या दुरुस्तीने तो जिल्हा व उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या बाजूस गेला. दोन दाखल्यांत तफावत असेल तर मुलाखतीच्या आठवड्यात शपथपत्र करून ती झाकण्यापेक्षा वर्षभर आधी रीतसर दुरुस्त करावी. आणि विवाहाच्या दिवशी वधूची अठरा वर्षे पूर्ण नव्हती, हे ज्या कागदांतून दिसते ते कागद बदलून देणारा एजंट भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. बालविवाहाचा प्रश्न या जिल्ह्यात किती गंभीर आहे हे ठाऊक असल्याने हे मुद्दाम लिहितो. महत्त्वाच्या गोष्टीत खोटे सांगून वा खोटा दस्तऐवज देऊन व्हिसा मिळविण्याचा प्रयत्न केल्यास अमेरिकी कायद्याच्या कलम २१२ खाली कायमची प्रवेशबंदी होऊ शकते.

येथे एक समाधानाची गोष्ट सांगता येईल. कुणबी नोंदींच्या शोधामुळे गेली काही वर्षे जिल्ह्यात निजामी राजवटीतील उर्दू आणि मोडी दप्तरे पुन्हा उघडली गेली, आणि आजोबा-पणजोबांच्या नोंदीवाचून सरकारदरबारी पान हालत नाही अशी भावना रुजली; व्हिसासाठी त्यातले काहीही लागत नाही. जातीचा दाखला नको, रहिवास दाखला नको, पोलीस पाटलाचे चारित्र्याचे प्रशस्तिपत्रही नको. पोलीस दाखला मात्र हवा, आणि तो पारपत्र कार्यालयामार्फत मिळालेला हवा. मराठीतील कागदांस इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते सरकारी भाषांतरकाराचेच पाहिजे असे नव्हे, भाषांतर अचूक असून आपण ते करण्यास समर्थ आहोत असे भाषांतरकाराने सही करून लिहून दिले की पुरते.

नावाविषयी एवढेच, की लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव पारपत्रावर आणलेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. माहेरचे नाव कायम ठेवून व्हिसा मिळतो. पूर्वी वापरलेली सर्व नावे अर्जात लिहिली म्हणजे झाले.

पूर्वविवाहाची बाब नाजूक आहे. पंचांसमक्ष मुद्रांकावर लिहिलेली काडीमोड किंवा फारकत आपल्याकडील अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीनुसार होणारा विवाहविच्छेद मोडीत काढलेला नाही, हे खरे. परंतु ती रूढी त्या समाजात खरोखर आहे हे शाबीत करण्याचा भार सांगणाऱ्यावर असतो, आणि शंभर रुपयांचा मुद्रांक तो भार उचलीत नाही. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल हाच सुरक्षित मार्ग. पहिला विवाह कायद्याने संपला नसेल तर दुसऱ्याचा दाखला कितीही ठसठशीत असला तरी व्यर्थ होय.

या सर्वांनंतर प्रत्यक्ष मुलाखत येते, आणि ती पुष्कळदा इतकी आटोपशीर असते की बाहेर आलेल्या मुलीस आपले काही चुकले की काय अशी शंका यावी. उजवा हात वर करून सत्य सांगण्याची शपथ, बोटांचे ठसे, आणि मग साधे प्रश्न: स्थळ कोणी आणले, भेट कुठे झाली, लग्नाला दोन्हीकडचे कोण होते, पती कोणते काम करतात, कोठे राहतात, रोज बोलणे होते का. इंग्रजी आले पाहिजे ही अट विवाहाधारित अमेरिकी व्हिसास नाही. ब्रिटनने २०१० पासून आणि जर्मनीने २००७ पासून पती-पत्नींसाठी प्राथमिक भाषाज्ञानाची अट घातली (जर्मनीने काही अपवाद ठेवून), आणि तिकडची ऐकीव माहिती इकडे येऊन मिसळली. ठरवून केलेले लग्न संशयास्पद मानले जाते हाही असाच भ्रम. १९७५ च्या बार्क प्रकरणात अमेरिकी अपील न्यायालयाने जी कसोटी घालून दिली ती एवढीच आहे की, विवाहसमयी उभयतांचा एकत्र संसार थाटण्याचा हेतू होता काय. ओळख प्रेमातून झाली की मामाच्या मध्यस्थीने, हा तिचा विषय नव्हे. म्हणून पाठ केलेल्या उत्तरांचा उपयोग नाही, अपायच आहे. पतीच्या कंपनीचे नाव आठवले नाही तर ‘आठवत नाही’ म्हणावे. शिकविलेल्या वाक्यांत बोलणारी वधू स्वतःच्याच लग्नाची परकी साक्षीदार वाटू लागते. आदल्या रात्री तयारी करावयाचीच असेल तर पतीने भरलेल्या आय-१३० ची आणि स्वतःच्या डीएस-२६० ची प्रत शांतपणे वाचावी, कारण अधिकाऱ्यासमोर तेच कागद असतात.

वैद्यकीय तपासणीस जिल्हा शल्यचिकित्सकाचे प्रमाणपत्र चालत नाही. वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, मुलाखतीपूर्वी, ती करावी लागते. मुलाखतीअंती व्हिसाऐवजी अमेरिकी कायद्याच्या कलम २२१(जी) चा कागद हातात पडला म्हणजे सर्व संपले असेही नाही. बहुधा एखादा दस्तऐवज उणा असतो, आणि तो एका वर्षाच्या आत सादर करता येतो. या अनिश्चिततेमुळे नोकरीचा राजीनामा आणि विमानाचे तिकीट ही दोन्ही व्हिसा हाती पडेपर्यंत थांबवावीत, मग ज्योतिषीबुवांनी प्रस्थानाचा कितीही उत्तम दिवस काढून दिलेला असो.

ज्याची चर्चा सर्वांत कमी होते ती बाब मुलाखतीपलीकडची आहे. अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी (मुलाखतीच्या नव्हे) विवाहास दोन वर्षे झालेली नसतील तर मिळणारे वास्तव्य सशर्त, दोन वर्षांचे असते, आणि ते संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पती-पत्नींनी मिळून आय-७५१ हा अर्ज करावयाचा असतो. यावरून ‘नवऱ्याने सही केली नाही तर परत धाडतील’ ही धमकी जन्मास येते, आणि दूर देशी एकट्या पडलेल्या मुलीस ती खरी वाटते. विवाह प्रामाणिकपणे झाला असून छळ झाला असेल, किंवा घटस्फोट झाला असेल, तर पत्नीस तो अर्ज एकटीने करण्याची सवलत कायद्यात आहे. १९९४ च्या स्त्रीअत्याचारविरोधी कायद्याने छळ सोसणाऱ्या पत्नीस पतीवाचून स्वतःच्या नावे वास्तव्याचा अर्ज करण्याचाही हक्क दिला आहे. पत्नी म्हणून जाणाऱ्यांच्या हक्कांविषयी अमेरिकी सरकारने एक पत्रकही काढलेले आहे. ते मुलीने आणि तिच्या आईवडिलांनी वाचून त्याची एक प्रत माहेरच्या कपाटात, विवाह दाखल्याच्या नकलेशेजारी ठेवावी.